वेशीवरचा पहारा

काही गोष्टी घडताना किरकोळ वाटतात आणि मग कित्येक महिने मनातून जात नाहीत. अशाच एका गोष्टीपासून आरंभ करतो. तीत माझी बाजू उजळ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आपल्या भागातील काही जुन्या मराठी घराण्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. लग्नकार्ये, कापसाचे भाव, कुणाचे आजारपण, कुणाच्या नातवाचा निकाल असे सारे तेथे कळते. सेवानिवृत्तीनंतर त्याचे चालकपद, म्हणजे लोक ज्याला ॲडमिन म्हणतात ते काम, माझ्याकडे आले. नोकरीच्या काळातील काही स्नेह्यांनाही मी त्यात घेतले. त्यांत एक गोंड गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या चारही भाषांत सहज वावरणारे. एके रात्री कुणीतरी एक विनोद पाठविला. गोंड माणूस मराठी बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ यांची कशी गल्लत करतो, असा त्याचा विषय. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यांतील एक चेहरा माझा होता. सकाळी पाहतो तो गुरुजींनी ग्रुप सोडलेला.

मी फोन केला. म्हटले, “गुरुजी, एवढे काय मनाला लावून घेतलेत?” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, विनोद कळला नसता तर थांबलो असतो.” मी म्हणालो, “मग मला सांगायचे होते. मी काढून टाकला असता.” त्यावर ते म्हणाले, “आपणही हसला होतात ना!”

त्या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. छत्तीस वर्षे शासनसेवेत लोकांचे तक्रारअर्ज घेतले. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर अर्ज द्यावा लागणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्या टेबलामागे आपणच बसलो आहोत, हे मात्र तोवर ध्यानात आले नव्हते.

पुढे हैदराबादेत संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या पुतण्याशी या विषयावर बोलणे झाले. तो म्हणाला, “काका, सगळा दोष मोठ्या कंपन्यांचा. आता अशी समाजमाध्यमे निघाली आहेत, ज्यांना मालकच नाही.” त्याने मास्टोडॉनची माहिती दिली. ऑइगेन रोख्को नावाच्या जर्मनीतील तरुणाने २०१६ मध्ये ते सुरू केले. ट्विटरसारखे एकच मोठे संस्थान तेथे नाही, हजारो लहान गावे आहेत. ज्याला हवे त्याने आपला सर्व्हर उभारावा, नियम आपले ठेवावेत, पहारेकरी आपले नेमावेत. तरीही एका गावातील माणसाला दुसऱ्या गावातील माणसाशी बोलता येते, कारण सर्व गावांनी निरोप पोचविण्याची एक सामाईक पद्धत स्वीकारली आहे. एखादे गाव फारच उपद्रवी निघाले, तर इतर गावे त्याच्याशी व्यवहार तोडतात. हे ऐकून मला विनोबांच्या ग्रामस्वराज्याची आठवण झाली आणि क्षणभर मन प्रसन्न झाले.

भारतातही या गावांकडे एकदा मोठी रीघ लागली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने निलंबित केले. त्याच सुमारास दलित आणि बहुजन समाजातील लेखकांनी, ही कंपनी आमच्या बाबतीत पक्षपात करते, असा आरोप केला आणि नोव्हेंबरात असंख्य भारतीयांनी मास्टोडॉनवर खाती उघडली. तक्रार रास्त होती. दूर परदेशात बसलेल्या कंपनीला कोणता शब्द आपल्याकडे शिवी आहे आणि कोणता केवळ नाव आहे, हे कसे कळावे? वंशभेदाची व्याख्या त्वचेच्या रंगावर आखलेली, आणि आपल्याकडील तिरस्कार आडनावातून, उच्चारातून, ताटवाटीतून वाहणारा. २००१ साली दरबान येथे वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न त्यात आणू नये, अशी भूमिका आपल्याच शासनाने घेतली होती. अपमान ओळखायला तो भोगणाऱ्याच्या जवळ असावे लागते. म्हणून सत्ता जवळ आणावी, लहान करावी, हा विचार मला पटतो.

पण पुढची हकीकतही पुतण्यानेच सांगितली, आणि ती त्याच्या प्रामाणिकपणाला शोभणारी होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय मंडळी मास्टोडॉनवर आली. तेथे मालक नव्हता, जाहिराती नव्हत्या, शेजारीपाजारी सभ्य होते. मात्र त्यांनी वंशभेदाच्या आपल्या अनुभवांविषयी लिहिले, की त्यांतील कित्येकांना सूचना येई: हा मजकूर इतरांना त्रासदायक वाटू शकतो, तो इशाऱ्याच्या पडद्याआड ठेवावा. सूचना करणाऱ्यांची भाषा अत्यंत विनयशील असे. ज्याने घाव सोसला, त्यानेच तो झाकून बसावे, नाहीतर पंगतीला किळस येते, असा त्याचा अर्थ. अनेकजण निघून गेले. जाताना त्यांच्याही नावापुढे एवढेच उमटले असेल, की अमुक यांनी खाते बंद केले.

हे ऐकताना मला गुरुजी आठवले. आमच्या ग्रुपमध्येही कुणी शिवी दिली नव्हती. व्हॉट्सॲपची मालकी एका कंपनीची असली, तरी ग्रुपमध्ये काय चालावे आणि काय नाही, हे रोजच्या रोज चालकच ठरवितो. शिस्तीपुरता प्रत्येक ग्रुप म्हणजे एक स्वतंत्र गावच. मग आमच्या गावाचे स्वराज्य कुणाच्या उपयोगी पडले?

येथे एक जुना वाद नव्या वेषात उभा राहतो. गांधीजींनी स्वयंपूर्ण, स्वयंशासित खेड्याचे स्वप्न पाहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना या ग्रामगौरवाचा कठोर शब्दांत समाचार घेतला आणि राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले. ज्यांचे घर गावाच्या मध्यभागी असते, त्यांना गाव हे कुटुंब वाटते. ज्यांचे घर गावकुसाबाहेर असते, त्यांना त्याच गावाची भिंत तेवढी दिसते. सत्ता लहान झाली, की ती सौम्य होतेच असे नाही. पुष्कळदा ती फक्त ओळखीची होते, आणि ओळखीच्या सत्तेविरुद्ध बोलणे अधिक अवघड असते.

याचा अर्थ सर्व काही मध्यवर्ती सत्तेच्या हवाली करावे, असाही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जैनूर येथे एका आदिवासी स्त्रीवरील अत्याचारानंतर हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. अफवांचा वणवा रोखण्यासाठी प्रशासनाला असे करावे लागते, हे मी जाणतो. पण बटण बंद केल्याने बोलणे थांबते, मने तशीच राहतात. कायदा, कंपनी आणि बटण ही शेवटची साधने होत. त्यांच्या आधीचे सारे काम जो वेशीवर बसला आहे, त्याचे.

आता हा प्रश्न आपल्याला, आपल्या घराण्यांना, विशेष का बोचावा, ते सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट, राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि आपण पैनगंगेच्या या तीरावर राहिलो. तेव्हापासून थोडक्यांत राहणे म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या तीन पिढ्यांनी घेतला आहे. हैदराबादच्या कचेरीत आपले तेलुगू ऐकून लोक गालात हसत, आणि नागपूरच्या नातेवाइकांकडे गेलो, की आपले मराठी ऐकून. माझी आई म्हणे, “इकडून तेलंगी, तिकडून मराठे, आपण आहोत तरी कोण?” हे दुःख आपण आपल्या संमेलनांतून पुष्कळ वेळा मांडले. मराठी शाळा टिकाव्यात, म्हणून अर्ज केले. त्यांतील काही अर्जांचा मसुदा मीच लिहिला आहे.

पण ज्या जमिनीवर उभे राहून आपण हे अर्ज लिहिले, तिची कथा आपण क्वचितच सांगतो. या जिल्ह्यात बाहेरून माणसे आली, वस्त्या वाढल्या आणि गोंड-कोलामांच्या हातून शिवार गेले. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम याच प्रश्नावर लढता लढता मारले गेले. १९७० च्या विनियमाने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर आदिवासींकडे जाण्यास बंदी आली. त्याबद्दल आपल्या ओसरीवर किती कडवट बोलले गेले, ते माझ्या पिढीने लहानपणी ऐकले आहे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे गोळीबार झाला. शासकीय आकडा १३ मृतांचा; लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. विनोद अशा इतिहासावरच उगवतो. ज्याचे शिवार गेले, त्याच्या व्याकरणावर हसणे सोपे असते.

आणि व्याकरणाची गल्लत म्हणाल, तर तीही मुळात गल्लत नव्हे. गोंडीत लिंगव्यवस्था वेगळी आहे. पुरुषवाचक नामे एका बाजूला आणि बाकी सर्व दुसऱ्या बाजूला. आपल्या मराठीत टेबल नपुंसक का आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, याचे उत्तर आपल्यालाही देता येत नाही. १९४३ मध्ये मार्लवाई येथे ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार करण्यात आली. ती माणसे आपल्या लिपीपर्यंत चालत आली. आपल्यापैकी किती जण त्यांच्या भाषेपर्यंत गेले? गुंजाला गावच्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे ती आता फोनवरही उमटू शकते. आपल्या ग्रुपवर ही बातमी कुणी टाकली नव्हती. विनोद मात्र टाकला होता.

मग समाज बांधायचा कसा? याचे एक उत्तर शेजारीच आहे. गोंडांत चार, पाच, सहा आणि सात देवांचे असे निरनिराळे सगे आहेत. प्रत्येकाचे दैवत आणि पूजाविधी वेगळा. सर्वांवर हुकूम चालविणारे पीठ नाही. पण आपल्याच सग्यात सोयरीक करता येत नाही. घर चालवायचे, तर दुसऱ्या सग्याच्या दारी जावेच लागते. केसलापूरच्या नागोबा जत्रेत मेश्राम कुळातील नव्या सुनांची कुलदैवताशी भेट घडवितात, त्यावाचून त्यांचे कुळात येणे पुरे होत नाही. त्याच विधींसाठी मडकी येतात सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून. मी या समाजाला आदर्शाच्या चौकटीत बसवीत नाही. २०१७ मध्ये गोंड आणि लंबाडा यांच्यात किती कटुता आली, ते आपण पाहिले आहे. तरी त्या रचनेतील तत्त्व घेण्याजोगे आहे. वेगळेपण राखावे, पण परक्याची गरज पडेल, अशी सोय रचनेतच असावी. नुसते “आमचे दार उघडे आहे” म्हणण्याने समाज बनत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की मग व्यवहार तोडण्याचे काय? जुलै २०१९ मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा अड्डा म्हणून ओळखले जाणारे गॅब हे स्थळ मास्टोडॉनचीच मुक्त प्रणाली घेऊन आले, तेव्हा इतर अनेक सर्व्हरांनी त्याला तोडले. हे वाळीत टाकणेच नव्हे काय? आपल्याकडे जातपंचायतींनी या शस्त्राने किती संसार उद्ध्वस्त केले! महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो २०१७ पासून अमलात आहे. शस्त्र एकच, हे मान्य. फरक कारणात आहे. जन्मामुळे किंवा जोडीदार निवडल्यामुळे कुणाला तोडणे हा अन्याय. जो इतरांना जन्मावरून हिणवितो, त्याच्या वर्तनामुळे त्याला दूर ठेवणे, आणि वर्तन सुधारल्यास परत घेणे, ही शिस्त. पहिल्या प्रकारात परतीचा रस्ता नसतो. तो आहे की नाही, हे पाहिले म्हणजे पुष्कळदा न्याय-अन्याय उमगतो.

दुसरा आक्षेप माझ्या धाकट्या बंधूंचाच. ते म्हणाले, “दादा, अशाने माणसे मोकळेपणी हसायचीही बंद होतील.” खरे आहे, काही काळ अवघडलेपण येईल. परंतु आजवर अवघडलेपण नव्हते असे नाही. ते सारे एकटे गुरुजी वाहत होते. आता ते थोडे थोडे सर्वांच्या वाट्याला येईल, इतकेच. ग्रुपमध्ये कोणकोणत्या जातीधर्माची माणसे आहेत, हे मोजून विविधतेचा हिशेब लागत नाही. त्यांतील कुणाला निघून न जाता “हे मला लागले” असे म्हणता येते का, हे पाहावे लागते.

गेल्या महिन्यात आम्ही ग्रुपवर या विषयाची चर्चा ठेवली. मी माझ्या हसण्याबद्दल सर्वांसमोर दिलगिरी व्यक्त केली. काहींना ते आवडले नाही. दोघांनी ग्रुप सोडला. यापुढे चालक दोन असावेत, त्यांतील एक आपल्या घराण्यांबाहेरचा असावा आणि एकाविरुद्धची तक्रार दुसऱ्याने ऐकावी, असे ठरले. मग मी गुरुजींच्या घरी गेलो. चहा झाला, पिकापाण्याचे बोलणे झाले. दुसरे चालकपद आपण घ्यावे, अशी विनंती केली. ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या घराची राखण मीच करायची का? आधी तुम्ही काही दिवस करून पाहा.”

ती जागा अजून रिकामी आहे. सध्या रोज रात्री झोपण्यापूर्वी ग्रुपवरचा सगळा मजकूर मी शेवटपर्यंत वाचतो.