रिकामा रस्ता

साठी उलटली की माणसाला दोन गोष्टी फुकट मिळू लागतात : सल्ले आणि दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तू. मला सल्ला डॉक्टरांनी दिला आणि सायकल भाच्याने. डॉक्टर म्हणाले, "गुडघे वाचवायचे असतील तर सायकल चालवा." त्याच महिन्यात भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपली एकवीस गिअरची सायकल आमच्या जिन्याखाली ठेवून गेला. एकवीस गिअर! आमच्या काळी सायकलला दोनच गिअर असत, उतार आणि चढ. पहिल्यात आपण सायकलवर बसायचे आणि दुसऱ्यात सायकलला हाताला धरून चालवायचे.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज पुण्यात सायकल चालवणे हा व्यायाम राहिलेला नसून तो योगाचा प्रकार झाला आहे, कारण त्यात मुख्यतः श्वास रोखून धरावा लागतो. डावीकडून टेम्पो, उजवीकडून बस, आणि समोरून 'उलटा' येणारा तो सद्गृहस्थ, जो वर आपल्यालाच "काका, बघून चालवा" म्हणतो. चार दिवसांत माझे गुडघे सुधारले, पण छातीची धडधड वाढली. तेव्हा मी शांत रस्त्यांच्या शोधाला लागलो.

शांत रस्ता कसा ओळखावा, याची माझी एक कसोटी आहे. रस्त्याच्या मधोमध निजलेले कुत्रे बघावे. घंटी वाजवल्यावर ते उठून बाजूला झाले तर रस्ता वाहता समजावा. नुसता एक डोळा उघडला तर रस्ता बरा. आणि डोळासुद्धा न उघडता शेपटीचे टोक हलवून "बाजूने जा" असे सुचवले, तर तुम्ही स्वर्गाच्या वाटेवर आहात. असे कुत्रे मला पानशेतच्या पुढे भेटले.

मी पुण्याहून थेट सायकल मारत तिथे गेलो, असे लिहिण्याचा मोह होतो आहे. पण पुढे नीतिअनीतीचे बोलायचे आहे, तेव्हा सुरुवातीलाच थाप नको. मेमधला एक रविवार होता. जावईबापू नातवंडांना बोटिंगला नेत होते. त्यांच्या गाडीच्या पाठीवर सायकल बांधली आणि पुढच्या सीटवर मी बसलो. खडकवासल्याला भजी-कणसांच्या टपऱ्या अजून उघडायच्या होत्या. उजव्या हाताला धरणाचे पाणी आणि डाव्या हाताला सिंहगड ठेवून गाडी पानशेतला पोचली. मंडळी बोटीकडे गेली. मी सायकल सोडवली आणि जलाशयाच्या कडेकडेने घोळच्या दिशेने निघालो.

काय तो रस्ता! एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली निळे पाणी. जांभळीची सावली, करवंदाच्या जाळ्या, आणि मिनिटामिनिटाला एक वळण. रस्ता डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरून, आतल्या ओढ्याची विचारपूस करून मगच बाहेर येत होता. अर्ध्या तासात एक दुधाची मोटारसायकल गेली, तीही जणू माफी मागत. मी एका वळणावर थांबलो, फोटो काढला आणि भाचरांच्या ग्रुपवर पाठवून दिला. खाली लिहिले : 'इथे कुणीच नाही! स्वर्ग!'

पुढे एका खोपटात चहा मिळत होता. बाकावर ऐंशीच्या आसपासचे एक बाबा बसले होते. सायकलकडे आणि माझ्या अर्ध्या चड्डीकडे त्यांनी आळीपाळीने पाहिले. कोणती गोष्ट अधिक नवलाची, हे बहुधा ठरेना.

"कुठून आलात, पाव्हणं?"

"पुण्याहून."

"हितं काय काम काढलं?"

"काम काही नाही, बाबा. सहज. इथं शांत वाटतं म्हणून."

"शांत हाय खरं," ते म्हणाले. "गाव पाण्यात गेल्यावर शांतच व्हनार."

मी चहाचा पेला खाली ठेवला. मेमुळे पाणी बरेच उतरले होते आणि काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. बाबांनी तिकडे बोट केले. "त्यो दगडांचा ढिगारा दिसतोय का? त्याच्या अलीकडं आमचं जोतं. शेजारी चुलत्याचं. मधी आंबा हुता."

पाहिल्याबरोबर मला फक्त दगड दिसले. नीट पाहिल्यावर ते ओळीत आहेत हे कळले. दगड आपल्या आपण ओळीत बसत नाहीत.

"आणि हा रस्ता?"

"ह्यो मागनं केला. जुनी वाट नदीच्या कडंनं सरळ हुती. ती खाली ऱ्हायली. आता वरनं जायाचं म्हंजी एकेका ओढ्याला वळसा. तुमाला बरं वाटतं. बाळंतिणीला ह्याच वळनांनी न्यावं लागतं."

ज्या वळणांवर मी पाच मिनिटांपूर्वी जीव ओवाळून टाकला होता, ती वळणे म्हणजे कुणाच्या तरी सरळ वाटेला पडलेले फाटे होते. शांत रस्त्याचे सारे गुपितच मला त्या बाकावर कळले. रस्ता गजबजतो तो गावांमुळे. खोऱ्याच्या तळाशी नदी असते, नदीकाठी चांगली जमीन असते, जमिनीपाशी गाव असते. धरण नेमके तेवढेच घेते. वर उरतो उतार, नाचणी-वरईची खाचरे, आणि सायकलवाल्यांना अत्यंत प्रिय असा रिकामा रस्ता. ज्याला कुठे पोचायचे असते तो या रस्त्याला शिव्या देतो. ज्याला कुठेच पोचायचे नसते, तो फोटो काढतो.

मग मी विषय बदलावा म्हणून पुराचे काढले. आम्ही नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अर्धवट बांधलेले धरण फुटले, त्या पाण्याने खडकवासल्याचे धरण गेले, आणि मुठा आमच्या वाड्यात शिरली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण आमच्या घरातली कालगणना शके-संवतावर चालत नसून पुराच्या आधी आणि पुराच्या नंतर अशी चालते. घरातली कोणतीही वस्तू सापडेनाशी झाली, की आजी "पुरात गेली" म्हणे. चांदीचा तांब्या पुरात गेला, पितळी समई पुरात गेली. आजोबांचा एक कोट तर १९६४ सालच्या फोटोत असूनही पुरातच गेला. थट्टा सोडा, पण माणसे खरोखरच गेली होती. घरे भुईसपाट झाली होती आणि खडकवासला फुटल्यामुळे पूर ओसरल्यावर त्याच शहराला प्यायला पाणी नव्हते. हे सगळे मी बाबांना जरा रंगवून सांगितले. मलाही दुःख आहे, असे कुठे तरी दाखवायचे होते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "लई वाईट झालं. ऐकलंय आमी." मग थोडे थांबून म्हणाले, "त्या दिशी आमचं गाव वर आलं."

"म्हणजे?"

"त्या पावसाळ्यात पाणी चढत चढत घरात आलं, गाव खाली गेलं. धरान फुटलं, पाणी निघून गेलं. चिखुल हुता सगळा. पन भिंती हुत्या. आई तिथंच बसून रडली. आनंदानं का कशानं, देवाला ठावं. मग धरान परत बांधलं. गाव परत गेलं. येक भाऊ दौंडाकडं गेला, जमीन मिळाली त्याला. मी हितंच वर ऱ्हायलो."

साठ वर्षे मी ज्या दिवसाला 'आमच्यावरचे संकट' म्हणत आलो, त्याच दिवशी चाळीस किलोमीटरवर एक बाई आपले घर पाण्यातून वर आलेले पाहत होती. पाणी तेच. त्यांच्या उंबऱ्यावरून उठले आणि आमच्या उंबऱ्यावर आले. त्या दोन्ही उंबऱ्यांचा हिशेब एका वहीत मांडावा, असे मला कधी सुचले नव्हते.

परतीच्या वळणांवर मी स्वतःशी वाद घातला. सायकलवर वाद चांगला होतो, समोरचा पळून जाऊ शकत नाही. मी म्हटले, धरण काही मी बांधले नाही. उत्तर आले, बांधले नाहीस, पण पितोस. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. त्यातले पानशेतचे साडेदहाच्या वर. त्यावर पुण्याचा संसार चालतो आणि खालची शेतीही. मी म्हटले, मग पाणी लागतेच की सगळ्यांना! दौंडकडे गेलेल्या भावाच्या शेतालाही कालव्याचे पाणी हवेच. उत्तर आले, हवेच. धरण नको असे कोण म्हणतो? म्हाताराही म्हणाला नाही. मी म्हटले, मोबदला मिळाला असेल. उत्तर आले, जमिनीचा मिळाला असेल. सरळ वाटेचा कोणत्या दराने देतात?

शेजारच्याच खोऱ्यात, मुळशीला, १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी याच प्रश्नावर सत्याग्रह केला होता. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झालेच. आपण बापटांचे नाव रस्त्याला दिले. तो रस्ता पुण्यात आहे आणि अजिबात शांत नाही.

शेवटचा युक्तिवाद मी हुकमी पत्त्यासारखा टाकला : मी या रस्त्याचा आनंद घेतला नाही, तर गाव वर येणार आहे का? नाही. मग मी वळणावर डोळे मिटून सायकल चालवू का? तसे केले तर एक पुणेकर खाली जाईल, एवढेच. यावर मात्र समोरून उत्तर आले नाही, कारण चढ लागला होता.

धाप ओसरल्यावर मला जे सुचले ते साधेच आहे. आनंद घेण्यात पाप नाही. पंगतीला बसलेल्या माणसाने पान नाकारून यजमानाचे कोणते भले होते? पण जेवून उठताना आपण 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो. जो राबला, ज्याच्या घरातले गेले, त्याची आठवण ठेवूनच आपण हात धुतो. नळ बंद करताना आपण काय म्हणतो? "आज प्रेशर कमी आहे." माझी चूक रस्ता आवडण्यात नव्हती. 'इथे कुणीच नाही' असे लिहिण्यात होती. इथे कुणी नाही आणि इथे कुणी राहिले नाही, या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे. त्या शब्दाखाली अख्खे गाव मावते.

निघताना बाबांनी मला विचारले होते, "पेपरात धरनाचं टक्कं येतात म्हणं?"

"येतात की. पावसाळ्यात रोज." आम्ही पुणेकर ते आकडे मुलाच्या निकालासारखे वाचतो. पानशेत पासष्ट टक्के म्हटले की चेहरे उजळतात, पहिला वर्ग मिळाल्यासारखे.

"तुमी चढायची वाट बघत असाल," बाबा म्हणाले. "मी उतरायची बघतो. जास्त न्हाई, जोतं दिसंल येवढंच. मग पाऊस पडू द्या की."

चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. आमच्या पेठेत हे सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

घरी आलो तर ग्रुपवर सोळा अंगठे आणि "वा मामा, काय निवांत!" असे चार अभिप्राय आले होते. मी खाली दुरुस्ती लिहिली : 'इथे गाव होते.' त्यावर एकही अंगठा आला नाही.

परवा पुन्हा मेचा महिना लागला. सौभाग्यवती वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणाली, "अगं बाई, पानशेत फारच खाली गेलं. आता कपात करणार हे मेले."

"मग बाबांचं जोतं दिसायला लागलं असेल," मी म्हणालो.

"कुणाचं काय?"

मी उत्तर न देता मोरीतला वाहता नळ बंद केला आणि जिन्याखाली सायकलच्या चाकात हवा आहे का ते बघायला गेलो.