मशेरी : दांतवण कीं व्यसन?

शहादे तालुक्यांतील पुरुषोत्तमनगर हें साखर कारखान्याचें गांव. उसाच्या मुलुखांत हंगामीं भल्या पहाटे कोयता घेऊन बाया फडाकडे निघतात, आणि त्यांतील कित्येकींचें बोट भाकरीआधीं मशेरीच्या डबीकडे वळतें. 'दांत घासतों,' एवढेंच त्या म्हणतात.

परंतु मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईतों भाजून कुटलेली तंबाखू. तिच्यांतील निकोटिन हिरड्यांतून रक्तांत उतरतें, भूक मारितें, आणि गरोदरपणीं वारेंतून गर्भापर्यंत पोहोंचतें. अशा मातांचीं मुलें पुष्कळदां कमी वजनाचीं उपजतात. तोंडाच्या कर्करोगाचें भय निराळेंच. तंबाखूच्या दंतमंजनावर सरकारनें १९९२ सालीं बंदी घातली. पण घरच्या तव्यास कोण आवरणार?

मग दोष कोणाचा? पुरुषाच्या दारूला आपण व्यसन म्हणतों. बाईच्या डबीला मात्र संवय म्हणून हंसतों, कारण तिच्या कामांत खंड पडत नाहीं. आमच्या मतें गोम येथेंच आहे. ती भूक मारून दोन प्रहरपर्यंत वांकून ऊस तोडिते, त्याचा लाभ मुकादमास व घरधन्यास होतो. गर्भाची हानि तिच्या हातून होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या हाताला डबीपाशीं कोणीं नेलें, हेंही विचारलें पाहिजे. मशेरी सोडतांना पहिले कांहीं दिवस डोकें दुखतें, चिडचिड होते. नवराबायको मिळून एकच 'कोयता' धरला जातो आणि उचल आधींच घेतलेली असते. त्या दिवसांची रजा त्या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं.