ओरखडा आणि इतिहास

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांत एल मोरो नांवाचा वालुकाश्माचा एक प्रचंड कडा आहे. त्याच्या पायथ्याशीं पावसाचें व बर्फाचें पाणी डोहांत सांचतें, आणि त्या निर्जल मुलुखांत या डोहाखातर वाटसरू शतकानुशतकें तेथें थांबत आले. तहान भागली, जनावरें विसावलीं, आणि समोर मऊ दगड! पुढें काय झालें तें सांगावयास नको. चित्रें, नांवें आणि तारखा मिळून तेथें आज दोन हजारांहून अधिक खुणा आहेत.

मित्रांसह दोन रात्री आम्हीं तेथें तंबू ठोकून काढल्या. स्पॅनिश अधिकारी हुआन दे ओन्याते यानें १६०५ च्या एप्रिलांत, दक्षिणसमुद्राहून परततांना, आपण येथून गेल्याचें कोरून ठेविलें. तें आज जिवापाड जपलें जातें. स्पष्ट नियम मात्र असा, कीं १९०६ सालीं ही जागा राष्ट्रीय स्मारक ठरल्यापासून तेथें कोरणें गुन्हा आहे. "म्हणजे १९०५ चा ओरखडा इतिहास आणि १९०७ चा उपद्रव!" आमचे एक स्नेही शेकोटीपाशीं म्हणाले. "मग आपल्या किल्ल्यांवर कोळशानें नांवें लिहिणारांनीं तीनशें वर्षें दम धरावा म्हणजे झालें."

पूर्वीचा वाटसरू जिवावर उदार होऊन जात होता, आपण मोटारींतून आलों, असें उत्तर आम्हीं दिलें. पण तें आम्हांसच लंगडें वाटलें. ओन्याते कांहीं अनाथ वाटसरू नव्हता. १५९९ सालीं आकोमा येथील पंचवीस वर्षांवरील पुरुषांस एक पाय तोडण्याची आणि वीस वर्षें दास्याची शिक्षा त्यानें फर्माविली होती. पुढें १६१४ सालीं त्याच्याच सरकारनें त्यास क्रौर्याबद्दल दोषी ठरविलें. ज्या कड्यावर त्याचें नांव आहे त्याच्याच माथ्यावर झुनी लोकांच्या पूर्वजांच्या अत्सिना गांवाचे अवशेष आहेत, आणि त्यांनीं कोरलेलीं चित्रें खालीं आहेतच.

तेव्हां जपणें म्हणजे गौरविणें नव्हे, इतकें तरी कबूल केलें पाहिजे. तें अक्षर पुरावा म्हणून राखावयाचें. आणि पुराव्याच्या कागदावर प्रेक्षकानें आपली सही करूं नये, हें कोणत्याही कचेरींतील कारकुनास कळतें. १९०६ ही रेषा मनुष्यानेंच आंखलेली आहे खरी, पण कोठें तरी आंखल्यावांचून दगडच उरला नसता.

"आणि वारा-पाऊस तीं अक्षरें पुसूं लागला तर?" स्नेह्यांनीं विचारलें. झुनींचीं चित्रें वाचवावींत असें आम्हांस वाटलें. ओन्यातेच्या सहीविषयीं मात्र, आपलीच उपपत्ति मोडत आहे हें जाणूनही, आम्ही गप्प राहिलों.