हौस, गरज आणि एक कप कॉफी

जुन्नर-आंबेगावचा माणूस चहाचा. दारी आलेल्या पाहुण्याला चहा न देता परत पाठवणे आमच्याकडे कमीपणाचे मानतात. तरीही आमच्या नारायणगावच्या घरी काही वर्षांपासून एक छोटे एस्प्रेसो यंत्र आहे, आणि ते बदलून मोठे, महागडे यंत्र घ्यावे का, या विचाराने आम्हां पतिपत्नींना घेरले आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु माणसाची खरी ओळख पुष्कळदा अशा लहान प्रश्नांतच पटते.

प्रथम यंत्राची बाजू ऐकू या. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या दाबावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जिया यांच्या यंत्राने तो दाब वाढवला आणि कॉफीवर सोनेरी फेस आला. चांगल्या एस्प्रेसोला सुमारे ९ बार दाब पुरतो. आमच्या यंत्राच्या खोक्यावर मात्र १५ बार असे दिमाखाने छापले आहे! आकडा मोठा तेवढा गुण मोठा, अशी आपली समजूत बाजार करून देतो. तथापि महागड्या यंत्रात पाण्याचे तापमान स्थिर राहते, कॉफी उतरत असतानाच दूध वाफवता येते, हे लाभ खरे आहेत. ज्याला त्या कलेत मनापासून आनंद आहे, त्याच्यावर चैनीचा शिक्का मारणे न्याय्य नव्हे.

मग आमची कॉफी बिघडते कशाने? प्रामाणिकपणे पाहिले, तेव्हा दिसले की बिया महिनोन्महिने डब्यात पडून, पूड कधी जाड तर कधी बारीक, आणि पाणी बोअरवेलचे, क्षारांनी जड. दोष आमच्या आळसाचा आणि शिक्षा मात्र यंत्राला!

दुसरी गोष्ट पैशाची. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या घरात भाव मिळाला. काही आठवड्यांतच तो कोसळला. शेतीचा पैसा चढतो तसा उतरतो. जिभेची सवय मात्र चढते ती उतरत नाही. सुगीत लावून घेतलेली सवय पडत्या काळात सावकारासारखी दारात उभी राहते.

हा हिशेब चालू असताना आमच्या लेकीने सहज विचारले, "त्या वर्षी तोडणीला येणाऱ्या मावशींची मजुरी आपण किती वाढवली होती?" आम्ही दोघेही गप्प झालो. भाव कोसळला तेव्हा त्यांच्या मजुरीला कात्री लावायचे आम्हांला लगेच सुचले होते; भाव चढला तेव्हा वाढ देणे मात्र सुचले नव्हते.

तूर्त आम्ही एक चांगला ग्राइंडर, ताज्या बिया आणि गाळलेले पाणी एवढ्यावर भागवायचे ठरवले आहे. येत्या तोडणीला मजुरीचा हिशेब आधी होईल. त्यानंतर हाती काही उरलेच, तर यंत्राचा विचार पुन्हा करू. हौस असावी, पण तिने रांगेत आपल्या जागी उभे राहावे.