शुद्ध-अशुद्ध आणि पहिल्या वर्षाची वही

दोस्तांनो, आपल्या इंदिरानगरातली पोरं बारावी करून कॉलेजात जातात. ज्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव मिळालं, त्याच्याच पहिल्या वर्षात बसतात. निबंध, अर्ज, सारांश लिहायला शिकतात. नव्या शैक्षणिक धोरणानं २०२४ पासून संलग्न कॉलेजांचे अभ्यासक्रम बदलले. भाषेच्या पेपराचे श्रेयांक ठरले, तासांचा हिशेब झाला. एक सवाल मात्र तसाच राहिला. पोरगं घरची बोली वहीत उतरवतं आणि मास्तर लाल शाईनं शेरा मारतो : अशुद्ध. हा न्याय कुणाचा?

शब्द नीट बघा. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर आपल्या बापजाद्यांनी हाच विटाळाचा हिशेब भोगला. भाषा चुकते, तिला विटाळ होत नाही. चूक म्हणा, ती दुरुस्त करता येते. अशुद्ध म्हटलं की डाग माणसावर पडतो.

आणि हे नियम काय आभाळातून पडले? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ चे, पुढचे चार १९७२ चे. त्याआधी उच्चारात नसलेले अनुस्वारही अक्षरांच्या डोक्यावर वागवावे लागत. नियम बदलला आणि कालची चूक आज बरोबर ठरली. माणसांनी केलेलं माणसं बदलू शकतात.

यावर आपल्यातलेच काही गडी म्हणतात, मग प्रमाणभाषा फेकूनच द्या! ऐकायला झकास वाटतं. पण त्यात मरण आपल्याच पोरांचं आहे. साहेबाच्या पोराला ती भाषा घरात, पाळण्यात मिळते. आपल्या पोरीला वर्गात मिळाली नाही तर कुठं मिळणार? बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला आणि परदेशातले प्रबंध इंग्रजीत लिहिले. भाषा दुसऱ्याची म्हणून त्यांनी हत्यार टाकलं नाही.

मग वर्गात शिकवायचं काय? अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद घ्या. कायदा १९८९ चा. जातीवरून अपमान लोकांच्या नजरेसमोरच्या जागी झाला का, हे तो विचारतो. 'आरोपीने जातिवाचक शिवीगाळ केली' एवढं गुळगुळीत वाक्य लिहिलं की केस तिथंच लंगडी होते. कुठं, किती वाजता, कुणासमोर, आणि नेमके कोणते शब्द, हे जसंच्या तसं लिहावं लागतं. म्हणजे एकाच कागदावर दोन्ही भाषा लागतात. क्रम लावायला कचेरीची, आणि घाव दाखवायला जी तोंडून निघाली ती. तिथं शिवी शुद्ध करून लिहिणारा पुरावाच पुसतो.

१८५५ साली मुक्ता साळवेनं निबंध लिहिला. फुल्यांच्या शाळेतली, चौदा वर्षांच्या आसपासची मातंग पोर. विषय, मांग-महारांचं दुःख. 'ज्ञानोदया'नं तो छापला. वेद वाचायची आम्हाला बंदी, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिनं देवालाच टाकला. तिला कुणी 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला बसवलं असतं तर? पावसाळ्याशी आपलं भांडण नाही. पण गळक्या छपराखालचा पावसाळा लिहिला तर गुण मिळतील, याचा भरोसा पोरांना हवा.

कुणी म्हणेल, आता पुस्तकात दलित कविता आहे की! आपण नाशिकचे आहोत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. लढाई माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काची होती, नुसतं आत जाऊन हात जोडण्याची नव्हती. बरोबरी मिळेना म्हणून १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मच सोडायची घोषणा केली. कविता पुस्तकात आणि तिची बोली वहीत अशुद्ध, हा दार किलकिलं करून बाहेरच उभं ठेवायचा प्रकार आहे.

तेव्हा अभ्यासक्रम बदलायला बसणाऱ्यांकडे आपण तीन गोष्टी मागू. शेऱ्यातून 'अशुद्ध' काढा, 'चूक' लिहा आणि ती का चूक ते सांगा. पहिला मसुदा पोराला त्याच्या बोलीत लिहू द्या, दुसरा प्रमाणभाषेत करून घ्या, आणि दोन्हींना गुण द्या. अर्ज, फिर्याद, माहिती अधिकाराचं पत्र हे निबंधाइतकंच लेखन माना.

हे मिळेपर्यंत वस्तीत अभ्यासिका आहे, रविवार आहे. वह्या घेऊन बसा. लाल शाई आपल्याही हातात येऊ द्या, पण ती जपून वापरा.