पुढचा हात

पुण्यातल्या आमच्या जुन्या घरी सकाळी आठच्या सुमाराला दारावर थाप पडायची. "काकू, कचरा!" ताई डबे घ्यायच्या आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर उघडून बघायच्या. ओल्यात दुधाची पिशवी निघाली की काही न बोलता बाजूला काढायच्या. एकदा फुटलेल्या ग्लासच्या काचा मी तशाच टाकल्या होत्या. त्यांचं बोट चिरलं. मी हळद घेऊन धावले. "काच कागदात बांधून वेगळी देत जा," एवढंच त्या म्हणाल्या. ती चूक माझ्या हातून पुन्हा झाली नाही.

मग आम्ही नव्या सोसायटीत आलो. इथे पार्किंगमध्ये एक मोठं पिंप. जाता-येता पिशवी टाकली की झालं. महिन्याभरात माझ्या ओट्याखाली दोन डब्यांचा एक डबा झाला. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, हा २०१६ चा नियम दोन्ही घरांना सारखाच होता. माझी मतंही तीच होती. फक्त आता पिशवी उघडणारं माणूस मला दिसत नव्हतं.

आपण लोकांचे संस्कार फार लवकर काढतो, असं मला वाटतं. घरी नेमाने दोन डबे ठेवणारी माणसं लग्नाच्या हॉलमध्ये उष्टं, पेले, कागद सगळं एकाच टबात लोटतात, कारण तिथे टबच एक असतो आणि पुढचा-मागचा तसंच करत असतो.

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. दारोदार कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था तिच्यातूनच आली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही या बायकांची मागणी. म्हणजे वर्गवारी करताना ती पुडी कुणाला उघडावी लागत नाही. पेनाने एक ठिपका काढताना पुढचा हात आठवतोच.

सोसायटीच्या सभेत मी पिंप हलवून कचरा दारातच द्यायचा विषय काढला. "सकाळी दार उघडायला घरात असतं कोण?" हा प्रश्न खराच होता. वाद झाला, शेवटी तीन महिने करून बघायचं ठरलं.

काल आठला बेल वाजली. दारात एक तरुण मुलगी. तिने ओल्याचं झाकण काढलं, चहाची डिप-डिपची पिशवी चिमटीत धरून मला दाखवली.

"काकू, हिची पिन काढत जा. टोचते."