नमस्काराची परतफेड

लोक ज्याच्यावर वेडे होतात, त्याने त्या वेडाचे काय करावे? वरवर पाहता हा प्रश्न नटांचा आणि गवयांचा आहे. परंतु घरातील एखादा शहाणासुरता मुलगा कोण्या गायिकेच्या छायाचित्रापुढे जेवणखाण विसरून बसतो, तिच्या विवाहाची वार्ता ऐकून अंथरूण धरतो, तेव्हा तो प्रश्न आपल्या माजघरात येऊन उभा राहतो. म्हणून त्याचा विचार आपणही करणे प्राप्त आहे.

प्रथम रसिकता आणि आसक्ती यांतील भेद पाहू. रसिकास गाणे हवे असते. आसक्तास गाणारा हवा असतो. रसिक ऐकून तृप्त होतो व घरी जातो. आसक्ताची तृप्ती कधीच होत नाही, कारण त्यास जे हवे ते रंगमंचावर नसतेच. बारामती-इंदापूरकडील जत्रांत तमाशाचा फड रंगला की दौलतजादा होते. नोट पुढे करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कलेची कदर करीत असतात. परंतु एखाद्यास वाटू लागते की, नाचणारीचे हास्य आता आपल्या मालकीचे झाले. नोट दोघांचीही सारखीच. पण एकाने ती लावणीस दिली, दुसऱ्याने माणूस विकत घेण्यासाठी दिली. आज तर कलावंताचे घर, त्याचे जेवण, त्याची मुलेबाळे सारे हातातल्या मोबाईलवर दिसते. त्यामुळे ही भ्रांती फडापुरती राहिलेली नाही.

या आसक्तीपुढे कलावंताने कितपत नमावे? बालगंधर्वांचे उदाहरण येथे सहज आठवते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणराव राजहंसांची लहान मुलगी वारली. तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. शतकाहून अधिक काळ आपण ही कथा अभिमानाने सांगत आलो. त्यांचा निग्रह असामान्य होता, यात शंका नाही. परंतु प्रेक्षकांनी अभिमान बाळगावा असे तीत काय आहे? प्रयोग पुढे ढकलला असता, तर प्रेक्षकांचे एका रात्रीचे रंजन बुडाले असते, इतकेच. प्रेक्षकांना ते ‘मायबाप’ म्हणत. त्या मायबापांसाठी उंची वस्त्रे, अत्तरे, भव्य देखावे यांवर त्यांनी हात आखडला नाही, आणि गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली. १५ जुलै १९६७ रोजी ते वारले, तेव्हा वैभवाचे दिवस कधीच मागे पडले होते. मायबाप म्हणवून घेणाऱ्या समुदायाने पालकत्वाचे हक्क तेवढे घेतले. कर्तव्ये बहुतांशी कोणीच घेतली नाहीत.

कोणी म्हणेल, प्रेक्षकांच्या पैशावर जो जगतो, त्याने त्यांच्या इच्छेस मान दिलाच पाहिजे. पण तिकिटाचा मोबदला म्हणजे उत्तम प्रयोग. तो मिळाला की हिशेब मिटला. तिकिटाबरोबर कलावंताचे दुःख, त्याचा एकांत, त्याचे घर विकले जात नाही. तथापि याच्या उलट टोकास जाऊन चाहत्यास तुच्छ लेखणेही न्याय्य नव्हे. हजारांपुढे गाताना प्रत्येकास ‘हे माझ्याचसाठी’ असे वाटावे, हे तर त्याचेच कसब. स्वतः घातलेल्या मोहिनीने कोणी भुलला, तर त्यास हसण्याचा अधिकार मोहिनी घालणाऱ्यास नाही.

मग मार्ग कोणता? बारामतीचेच एक उदाहरण घेऊ. कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) यांनी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने आपले काव्य याच गावी रचले. सोलापूरचा लावणीकार रामजोशी पंतांच्या उपदेशाने कीर्तनाकडे वळला आणि त्यांच्या आर्या त्याने गावोगाव लोकप्रिय केल्या, अशी आख्यायिका आहे. तिचे मर्म असे, की पंतांनी त्या अनुरागी कवीस आपल्या पायाशी बसवून घेतले नाही. त्याच्या अंगच्या गुणास काम दिले. व्यक्तीवर जडलेली भक्ती त्यांनी कार्याकडे वळविली.

याच भूमीतून दरवर्षी तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर या वाटेने पंढरपुरास जाते. वारीत एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडला, की दुसराही तत्काळ त्याच्या पाया पडतो. नमस्कार कोणापाशीच साठून राहत नाही, कारण तो विठ्ठलाचा आहे हे दोघेही जाणतात. कलावंताने हाच शिष्टाचार पाळावा. वेड्या चाहत्याचे पत्र आले, तर एकच उत्तर द्यावे, आणि ते खरे असावे: ‘माझे गाणे तुम्हांस आवडले याचा मला आनंद आहे, मी तुमच्या परिचयाचा नाही.’ आशा लावू नये, खोटी जवळीक दाखवू नये आणि त्या वेडावर आपला माल खपवू नये. नमस्कार गाण्यास झाला असे मानून तो गाण्यास पोहोचता करावा.

या उपायास मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉन लेनन या गायकाने एका चाहत्यास ध्वनिमुद्रिकेवर सही करून दिली. काही तासांनी त्याच मनुष्याने गोळ्या झाडून त्याचा प्राण घेतला. सौजन्य हे प्रत्येक मनोविकारावरचे औषध नव्हे. पाठलाग करणाऱ्यास, धमकावणाऱ्यास उत्तर देण्याचे बंधन कलावंतावर नाही. स्त्री कलावंतावर तर मुळीच नाही. तेथे दार बंद करावे आणि पोलिसांस कळवावे. त्यात निष्ठुरता नाही.

परंतु बहुतेक वेडे चाहते असे नसतात. ते एकाकी असतात. त्यांचे एकाकीपण दूर करणे दूरच्या गायकास शक्य नाही. ते काम घरच्यांचे आहे. मुलाच्या भिंतीवरील चित्र फाडू नये, त्याची थट्टाही करू नये. ‘या गाण्यात तुला काय आवडले?’ असे त्यास विचारावे. त्यास सांगता आले, तर तो रसिक होऊ लागला आहे. सांगता न आले, तर त्याच्याजवळ बसून ते गाणे आपण एकदा पुरते ऐकावे.